सिनेमाची ऑनलाइन प्रसिद्धी, वेबसाइटी वगैरे : भाच्याला मुंबईला पाठवावं का?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. या विभागात रेल्वे भरती, बँका, केळीचे भाव, सगळ्यावर धागे आहेत. या विषयावर एकही सापडला नाही म्हणून नवा काढतोय.

भाच्यानं जळगावातून उपयोजित कलेची पदवी घेतली. मुंबईतल्या एका एजन्सीनं त्याला बोलावलंय. काम असं: सिनेमा येण्याआधी त्याची मोशन पोस्टरं (म्हणजे हलती पोस्टरं), ट्रेलरच्या थंबनेल, इन्स्टाग्रामवरच्या पोस्टी आणि कधीमधी सिनेमाची वेबसाइट. त्याच्या वरिष्ठ बाईंचं पद क्रिएटिव्ह डायरेक्टर. याला तेच व्हायचंय. बहीण विचारते, "ते नेमकं करतात काय?" मेहुणे विचारतात, "पन्नाशी आली की असल्या माणसाला कोण ठेवतं?" मला दोन्हीची उत्तरं येत नाहीत. कोणी या धंद्यातलं असेल तर जरा खुलासा करा.

हिशोबी (जळगाव)

कारे भो, एवढं विचारायला धागा? मोबाइलमध्ये शब्द टाकले की पोस्टर तयार होतं आता. पोराला एमपीएससीचा फॉर्म भरायला सांगा.

मुक्काम_चाळीसगाव

हिशोबीभाऊ, फॉर्म भरणाऱ्यांची रांग किती लांब आहे तेही सांगा त्याला.

तापीकाठ, भाच्याच्या त्या बाई जे करतात तेच मी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मूळ चाळीसगावचा, मुंबईत मुरलेला.

सिनेमा पुरा व्हायच्या आतच आमच्या टेबलावर ढिगारा येऊन पडतो. सेटवरचे हजारो फोटो, अर्धवट एडिटचे तुकडे, वर दिग्दर्शकाचं एक म्हणणं, निर्मात्याचं दुसरं, वितरकाचं तिसरं. दिग्दर्शकाला सिनेमातला एकटेपणा दाखवायचा असतो, वितरकाला गाणं. या ढिगाऱ्यातून लोकांना पहिल्यांदा काय दिसेल, पंधरा दिवसांनी काय दिसेल आणि तिकीट काढेपर्यंत काय मुळीच दिसणार नाही, हे ठरवणं म्हणजे क्रिएटिव्ह डायरेक्टरचं काम. पुढे डिझायनर, एडिटर, मजकूर लिहिणारा कॉपीवाला, डेव्हलपर ते घडवतात. मी स्वतः माऊस हातात धरतो तो वेळ आता फार थोडा. बाकी दिवस फोनवर. कोणाचं नाव किती मोठं, कोणाच्या आधी कोणाचं, हे करारात लिहिलेलं असतं. सिनेमाघराबाहेरच्या बोर्डावर ते सहज बसतं, मोबाइलच्या उभ्या चौकटीत बसवताना घाम फुटतो. तीन नटांच्या तीन मॅनेजरांची मंजुरी येईस्तोवर पहाट होते आणि सकाळी अकराला पोस्टर सुटायचं असतं.

"काय दाखवायचं नाही" याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अजूनही १९९९ चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट', जंगलात बेपत्ता झालेल्या पोरांचा भयपट. दोन दिग्दर्शकांपैकी एक, एदुआर्दो सांचेझ, वेबसाइट बनवू शकणारा. त्यानं १९९८ मध्येच साइट चढवली. तीवर पोलिसांचे कागद, बेपत्ता पोरांचे फोटो, गावातल्या आख्यायिकेची टाचणं. हा कल्पित सिनेमा आहे एवढं एकच वाक्य गाळलं. लोक खरं समजून वाद घालत बसले. किरकोळ खर्चात केलेल्या त्या सिनेमानं जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर कमावले. त्या साइटचं डिझाइन आज पाहिलं तर साधं, काळं, थोडं ओबडधोबडच आहे. डोकं चाललं ते वाक्य गाळण्यात.

(यानंतर दर दुसरा निर्माता "आपण पण तसं काहीतरी व्हायरल करू" म्हणत येऊ लागला. ते दुखणं अजून बरं झालेलं नाही.)

खापरावरचे_मांडे (धुळे)

छान लिहिलंय. पण सिनेमाची वेबसाइट आता बघतं कोण? मी तरी गेल्या कित्येक वर्षांत उघडलेली नाही. ट्रेलर यूट्यूबवर, तिकीट बुकमायशोवर.

मुक्काम_चाळीसगाव

ताई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. म्हणून आधी थोडा इतिहास, मग भाच्याबद्दल.

आपल्याकडे इंटरनेट सामान्य माणसाला मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमचं. खान्देशात ते पोचायला आणखी वेळ गेला, आणि पोचलं ते सायबर कॅफेच्या लाकडी खोक्यात, तासाच्या भाड्यानं. हॉलिवूडच्या 'स्पेस जॅम' सिनेमाची साइट १९९६ ची. तारांगणाची पार्श्वभूमी, तीवर फिरते ग्रह, ग्रहावर टिचकी मारली की पान उघडतं. २०२१ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा कंपनीनं नवीन साइट केली, पण जुनी पुसली नाही, बाजूला तशीच ठेवली. आमच्या धंद्यात असं नशीब लाखात एकीचं.

त्यानंतर फ्लॅशचा, म्हणजे वेबपानावर हलती चित्रं नि आवाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, जमाना आला. १९९६ अखेरीस मॅक्रोमीडियानं ते तंत्र विकत घेतलं, २००५ मध्ये अडोबीनं मॅक्रोमीडियाच घेतली. त्या दहा वर्षांत सिनेमाच्या साइटी म्हणजे छोटे सिनेमेच होते. आवाज, हलणारी चित्रं, दारं उघडणं, मधेच अंधार. लंडनच्या हाय-रेझ या स्टुडिओनं २००० साली 'रेक्वियम फॉर अ ड्रीम'ची साइट केली. सुरुवातीला टीव्हीवरच्या चकचकीत जाहिरातीसारखी दिसायची आणि बघता बघता सडत, तुटत जायची. सिनेमातल्या माणसांचं जे होतं तेच साइटचं. आम्ही पोरं ती उघडून रात्र रात्र बसायचो. कॅफेवाला बिल वाढतंय म्हणून खूश.

मग २००७ मध्ये आयफोन आला, त्यात फ्लॅश चालेना. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्र लिहून का चालू देणार नाही ते सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात ईथन मार्कोटनं एकच पान सगळ्या आकारांच्या पडद्यांवर आपोआप बसवायची पद्धत मांडली, आज जिला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅशचा गाशा गुंडाळला. माझं त्या काळातलं जवळपास सगळं काम आज कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडत नाही.

आता मेहुण्यांच्या प्रश्नाकडे. या धंद्यात केलेली वस्तू टिकत नाही. सिनेमाची साइट दुसऱ्या-तिसऱ्या शुक्रवारी मेली. वर्षानं डोमेनचे पैसे भरायला कोणी शिल्लक नसतं, कारण त्या सिनेमापुरती काढलेली कंपनीच गुंडाळलेली असते. त्या जागी कधी जुगाराची जाहिरात लागते. वकिलाकडे जुने खटले असतात, इंजिनिअरकडे बांधलेला पूल असतो. आमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. पन्नाशीत माणसाला ठेवतात ते त्याच्या निवडीवर विश्वास बसलेला असतो म्हणून. जे फ्लॅशच्या हातखंड्यावर जगत होते ते २०१० नंतर दोन वर्षांत बाहेर फेकले गेले, आणि त्यांच्यात माझ्यापेक्षा कितीतरी सरस हात होते. ज्यांना "हा सिनेमा एका वाक्यात काय आहे" हे निर्मात्याआधी सांगता येत होतं ते राहिले. यंत्रानं पोस्टर करून द्यायच्या आजच्या काळातही हिशोब तोच आहे. यंत्र चाळीस पोस्टरं देईल, त्यातलं कुठलं लावायचं ते कोणीतरी ठरवायला लागेलच.

हिशोबी (जळगाव)

चाळीसातलं एक निवडायला एकच माणूस लागेल भो. आधी दहा पोरं कामाला होती. उरलेल्या नऊंचं काय?

मुक्काम_चाळीसगाव

या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. खालच्या पायरीवरच्या जागा कमी होतायत, आमच्याही ऑफिसात झाल्या. आणि खालच्या पायरीवरच तर निवड शिकायला मिळते.

पंजाब_मेल (चाळीसगाव)

वयानं मोठा आहे म्हणून मधे बोलतो. आमच्या तरुणपणी सिनेमाचं पोस्टर म्हणजे रंगवलेला फलक. एम. एफ. हुसेन मुंबईत असले फलक रंगवून पोट भरत होते, बाबूराव पेंटर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत. तेही टिकत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी त्याच कापडावर दुसरा हिरो चढायचा. तेव्हा मुक्कामराव, तुमचं दुःख फार नवीन नाही.

दुसरं म्हणजे भाच्याला मुंबईला जायच्या आधी आमच्या गावात एक दिवस पाठवा. स्टेशनजवळ केकी मूस यांचा बंगला आहे, आता संग्रहालय. या माणसानं दशकानुदशकं घराबाहेर जवळपास पाऊल न टाकता जगभर नावाजली गेलेली छायाचित्रं काढली. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून, दिवा इकडचा तिकडे करून अख्खा देखावा उभा करायचे. चौकटीत काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं ते तिथं शिकायला मिळतं.

मुक्काम_चाळीसगाव

काका, शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा आमचं लक्ष डब्याकडे होतं. नंतर स्वतःहून गेलो तेव्हा कुठे कळलं. भाच्याला नक्की पाठवा.

आहिरानी_बीट (शिरपूर)

राम राम मंडळी. मी अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करतो. आमना आठे वेबसाइट कोन देखस भाऊ? सगळं यूट्यूब नि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस. आमचं मोठं गिऱ्हाईक सुरतला. उधना, लिंबायतला आपली माणसं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. कानबाईच्या वेळेला नि लग्नसराईत गाणं चाललं तर चाललं. अहिराणी गाण्यांना कोटीच्या घरात व्ह्यूज जातात, ते कुठल्या एजन्सीनं केलेलं नाही. तर मग या क्रिएटिव्ह डायरेक्टरचा आम्हाला काय उपयोग? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

शिरोरेषा (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

मी वेब डिझायनर, सिनेमावाली नाही. पण बीटभाऊ, तुमच्या थंबनेलबद्दल मला बरेच दिवस बोलायचं होतं, आता तुम्हीच सापडलात. 😀

तुमच्याकडे (आणि सगळ्या मराठी पोस्टरांवर) शीर्षकाची अक्षरं लांब लांब करतात. इंग्रजीत दोन अक्षरांत जागा सोडली की भारदस्त दिसतं, म्हणून इथेही तेच बटण दाबतात. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेल्या माळेसारखा दिसतो. मोशन पोस्टरमध्ये अक्षरं एकेक करून उडत येतात तेव्हा तर कहर. इंग्रजीसाठी केलेलं टेम्पलेट जोडाक्षराचे तुकडे करतं, वेलांटी आधी येऊन उभी राहते आणि अक्षर मागून धावत येतं. देवनागरी हलवायची तर अख्खा शब्द हलवा, नाहीतर शिरोरेषा आधी ओढा आणि अक्षरं तिच्याखाली उतरवा. फोटोशॉपमध्ये मजकुराच्या सेटिंगात वर्ल्ड-रेडी लेआउट चालू केलंय का तेही बघा, नसेल तर जोडाक्षरं फुटतात.

आणि जुने नॉन-युनिकोड फॉन्ट सोडा आता. पूर्वी इलाज नव्हता, मराठी मजकूर चित्र करूनच पानावर चिकटवावा लागायचा. आता मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत मिळतात, मोबाइलवर स्वच्छ दिसतात.

आहिरानी_बीट (शिरपूर)

ताई, मन्हा डोया उघडी गयात. माळेसारखी म्हणालात ते शीर्षक कोणतं ते लगेच कळलं.

मुक्काम_चाळीसगाव

शिरोरेषाताई, हे छापून आमच्या ऑफिसात लावतो.

बीटभाऊ, तुमचा प्रश्न टाळत नाही. तुमच्या गाण्याला माझ्यासारखा माणूस लागत नाही, कारण प्रेक्षक कोण आणि त्याला काय ऐकायचंय हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मुंबईतल्या मोठ्या बैठकांत नेमकं हेच कोणाला माहीत नसतं. तिथे "मासेस" असा एक शब्द फेकतात आणि पुढे जातात. मालेगावकरांनी स्वतःच्या गावापुरते 'शोले' बनवले, ते बघायला पुढे माहितीपटवाले आले आणि हिंदी सिनेमाही. तेव्हाही कोणी क्रिएटिव्ह डायरेक्टर नेमला नव्हता.

माणूस लागतो तो पुढच्या टप्प्यावर. उद्या तुम्ही गाण्यावरून सिनेमाकडे गेलात तर. चार मिनिटांचं गाणं फुकट बघतात. अडीच तासांच्या सिनेमाला घरातून निघून, तिकीट काढून यावं लागतं. एक कोटी व्ह्यूज असलेलं गाणं आणि रिकामं थिएटर हे एकाच सिनेमाचं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय व्ह्यूज विकतही घेता येतात. जाहिरात म्हणून चालवलेला व्हिडिओ मोजणीत धरायचा हा खेळ इतका वाढला की २०१९ मध्ये यूट्यूबनं आपल्या म्युझिक चार्टमधून आणि चोवीस तासांच्या विक्रमांतून पैसे देऊन मिळवलेले व्ह्यूज वगळले.

कसमादे_एक्सप्रेस

मालेगाव खान्देशात घातल्याबद्दल आभार. नाशिकवाले आम्हाला आपलं म्हणत नाहीत आणि जळगाववालेही.

हिशोबी (जळगाव)

मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे.

कसमादे_एक्सप्रेस

आणि बोली कोणती बोलतो आम्ही?

तापीकाठ (भुसावळ)

मंडळी, यासाठी वेगळा धागा आहे, त्याची पानं संपत नाहीत. इथे नको. पैशाचं कोणी बोलेल का? मेहुणे तेवढ्यासाठी थांबलेत.

खापरावरचे_मांडे (धुळे)

मी बोलते. मी सीए फर्ममध्ये आहे, असली फ्रीलान्सर मुलं आमच्याकडे येतात. बहुतेकांचं रडगाणं एकच: काम केलं, सिनेमा पडला, निर्माता फोन उचलत नाही. सिनेमा चालला तरी काही वेळा हेच. एजन्सीत पगारावर असेल तोवर ठीक. स्वतंत्र काम सुरू केलं की पहिल्याच महिन्यात उद्यम नोंदणी (सरकारकडे लघुउद्योग म्हणून नोंद) करून घ्यायला सांगा. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. कायदा आहे म्हणून पैसे आपोआप येत नाहीत, पण पत्रात कलम लिहिलं की फोन उचलला जातो, हा अनुभव.

वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी, १८ टक्के. आणि कामाआधी आगाऊ रक्कम. पोस्टर सुटायच्या आदल्या रात्री डिझायनरच्या हातात जेवढं बळ असतं तेवढं नंतर कधीच नसतं.

मुक्काम_चाळीसगाव

मांडेताई, शेवटचं वाक्य सोन्यानं मढवा.

यात एक जोडतो. करारात आणखी एक ओळ हवी: "प्रदर्शनानंतर हे काम स्वतःच्या कामाच्या नमुन्यांत दाखवता येईल." नोकरीत केलेल्या कामाचा हक्क कायद्यानं सहसा मालकाचा, म्हणून ही परवानगी आधीच लेखी घ्यायची. आणि साइट जिवंत असतानाच तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवायचं. मोबाइलवर कशी दिसते, संगणकावर कशी, ट्रेलरचं पान, सगळं. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन पान साठवतं, पण हलणारं काही असलं की बऱ्याचदा सांगाडाच उरतो. जुन्या फ्लॅश फायली रफल नावाच्या प्रोग्रॅममध्ये थोड्याफार चालतात, अर्काइव्हनं २०२० पासून तो वापरून बऱ्याच जुन्या गोष्टी उठवून बसवल्यात. फाइलच जवळ नसेल तर रफल काय करणार!

भाचा_बोलतोय (जळगाव)

नमस्कार. मामांनी लिंक पाठवली. सगळं वाचलं. मुक्काम सर, मला एकच विचारायचंय. एजन्सीनं मुलाखतीला येताना सिनेमाच्या प्रसिद्धीचे नमुने मागितलेत. माझ्याकडे कॉलेजचे लोगो आणि एका सराफाच्या दुकानाचा कॅटलॉग आहे. गाजलेल्या हिंदी सिनेमांची पोस्टरं नव्यानं करून नेऊ का? सगळे तेच करतात.

मुक्काम_चाळीसगाव

सगळे तेच करतात म्हणूनच नको. गाजलेल्या सिनेमात निवड आधीच झालेली असते, तू फक्त सजवतोस. मुलाखतीत मी तरी असलं पान पुढे सरकवतो.

ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही असं काम घे. समोर बीटभाऊ बसलेत. त्यांच्या येणाऱ्या गाण्याची प्रसिद्धी कर. आधी एका वाक्यात लिही की हे गाणं कोणासाठी आहे आणि त्यानं ते का उघडावं. मग थंबनेल, स्टेटससाठी उभा तुकडा आणि एक साधं पान. पान असं की उधन्यातल्या कामगाराच्या स्वस्त फोनवर, नेटवर्क कमी असताना उघडलं पाहिजे. थंबनेल अंगठ्याच्या नखाएवढं करून आईला दाखव. कशाचं आहे ते तिनं सांगितलं तर ठेव. जाहिरातीत पाच सेकंदांनी स्किपचं बटण येतं, तेव्हा पहिल्या पाच सेकंदांत काय घालायचं तेही लिहून काढ. आणि जे टाकून दिलंस तेही सोबत ने, का टाकलं या एका ओळीसह. तुझ्या त्या बाई टाकलेलंच आधी बघतील, पैज लावतो.

भाचा_बोलतोय (जळगाव)

हे जमेल सर. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. बीट दादा, चालेल का?

आहिरानी_बीट (शिरपूर)

चालेल काय, पळेल! गाणं मिक्सिंगला आहे, फोटो आजच टाकतो ड्राइव्हवर. पण पैसे आत्ता नही भाऊ.

खापरावरचे_मांडे (धुळे)

बघा. सुरुवात झाली.

आहिरानी_बीट (शिरपूर)

ताई, गाणं चाललं तर देईन ना!

खापरावरचे_मांडे (धुळे)

हेच वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक फाइलमध्ये आहे. भाच्या, निदान नाव कुठे येणार ते लिहून घे. व्हिडिओच्या वर्णनात पहिल्या दोन ओळींत, "आणखी दाखवा"च्या खाली नाही.

आहिरानी_बीट (शिरपूर)

मंजूर. पहिल्या दोन ओळींत. लिहून देतो.

हिशोबी (जळगाव)

एमपीएससीचं विसरू नको रे पोरा.

शिरोरेषा (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

भाच्या, थंबनेल झालं की इथेच टाक. अक्षरं लांब केलेली दिसली तर बघ.